दोऱ्याचा टेलिफोन

माझे वडील गेले, त्यांचा आवाजही गेला. म्हणजे मला तो आठवत नाही. चेहरा आठवतो, बोललेला शब्दन् शब्द आठवतो, आवाज तेवढा नाही. भिवंडीत, कामतघरला आमची खोली यंत्रमागाच्या कारखान्याला लागून होती. लूमच्या खडखडाटात कामगार नुसते ओठ हलवून बोलतात, समोरचा ते वाचतो. वडिलांनी ती सवय घरात आणली. शुक्रवारी लूम बंद असले तरी ते तसेच बोलत. आता स्वप्नात येतात, समोर बसून बोलतात. मला सगळं कळतं, ऐकू काहीच येत नाही. लाईट जाऊन लूम एकदम थांबले की मी आजही दचकते. वाटतं, आता बोलतील.

तिथल्याच शाळेत मी तिसरीला शिकवते. मध्यंतरी ध्वनीचा प्रयोग होता. चहाचे दोन कागदी कप, मध्ये ताणलेला दोरा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. वरून आलेल्या प्रयोगाच्या पेटीत दोरा नव्हता. भिवंडीला दोरा पाठवायचा शहाणपणा कोण करेल? पोरांनी घरूनच सूत आणलं आणि वर्ग डोक्यावर घेतला.

एका मुलीबरोबर मी कप कानाला लावला. दोरा ताणलेला, गाठ घट्ट, तरी काही येईना. वर पाहिलं तर ती कप हनुवटीखाली धरून, ओठ मला नीट दिसतील अशी उभी होती. बोलत होती, आवाज न काढता. 'पप्पा, डबा आणलाय.' मी ते वाचलं.

"अगं, आवाज काढ की."

"बाई, लूमवर पप्पांशी असंच बोलते मी. घरी पण. त्यांना कळतं."

"आणि पप्पांचा आवाज कसा आहे?"

तिने हातातल्या कपात डोकावून पाहिलं. "माहीत नाय."

मला धडकीच भरली. दोन्ही कप तिच्या दप्तरात कोंबले. म्हटलं, शुक्रवारी पप्पांना यातून बोलायला लाव, खरंखुरं, आवाज काढून. तू डोळे मिटून ऐक.

शनिवारी ती आली. "बाई, पप्पांचा आवाज बारीक आहे, आमच्या काकीसारखा. मला आधी हसूच आलं. मग ते बोलतच राहिले. मी डोळे उघडलेच नाय."

मी तिची पाठ थोपटली. त्या एवढ्याशा पोरीचा मला इतका हेवा वाटला की पुढचा तास काही शिकवता आलं नाही.