अक्काच्या पायाचं औषध

माझ्या मेव्हण्याएवढा हुशार येडा पंचगंगेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. आता हेच बघा. त्यानं, मी आणि आमच्या हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चहा पिणं. पण साधा चहा नव्हे. रविवारची सकाळ, मंगळवार पेठेतलं आमचं दोन खोल्यांचं घर, स्टुलावर पाच कप आणि प्रत्येक कपाच्या बुडाला खडूनं घातलेला आकडा. एकात आलं जास्त, एकात दूध म्हशीचं नसून गाईचं, एकात साखर आधी, एकात साखर मागनं, आणि एक आमचा रोजचा. "एका वेळी एकच बदल करायचा, दाजी. दोन केले की कशानं काय झालं ते कळत न्हाय," असं तो मला दर रविवारी सांगायचा, जसं काय मी मागच्या रविवारी ऐकलंच नव्हतं. मी पाचही कप प्यालो आणि निकाल दिला, "पावणं, सगळे सारखेच. आणि सगळे गार." हिनं मात्र डोळे मिटून एकेक घोट घेतला आणि चौथ्या कपावर बोट ठेवलं. "ह्यो. ह्यात साखर मागनं पडलीया." पावणं, म्हणजे आमचे मेव्हणे, इतके खूष झाले की उभ्याउभ्याच वहीत लिहून घेतलं. बुधवारी दुपारी कपडे वाळत घालताना ही जरा बसते म्हणून खाली बसली, ती उठलीच नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. शिरोलीला फाउंड्रीत एकतीस वर्षं मोल्डर होतो, वाळूचे साचे केले. मेव्हणा डॉक्टर. पण सुई टोचणारा नव्हे, कॉलेजात रसायनं ढवळणारा. हे गल्लीला समजावता समजावता माझं निम्मं आयुष्य गेलं. कुणी म्हातारी त्याला अडवून म्हणायची, "डागतर, गुडघा लई ठणकतोय." तो थांबून, चष्मा पुसून, अगदी आदरानं सांगायचा, "आज्जी, गुडघ्यातलं मला काही कळत नाही. अंगात जंत असले तर सांगा." म्हातारी शिव्या घालत निघून जायची आणि हा मला विचारायचा, "दाजी, माझं काय चुकलं?"

त्याचा सगळा जीव त्या जंतात होता. लहानपणी हे लोक सोलापूरकडं राहायचे. तिथं डास चावून जंत अंगात गेला आणि आमच्या हिला हत्तीरोग झाला. लग्नात उजवा पाय जरा जाड होता, पुढं तो केळीच्या बुंध्यासारखा झाला. ती पातळ खाली सोडून चालायची, बाहेर फोटोला उभी राहायची ती कायम कुणाच्या तरी मागं. हा आठवीत होता तेव्हा तिला म्हणाला, "अक्का, मी तुझा पाय उतरवायचं औषध करतो." आठवीतली पोरं कायबी बोलतात. हा येडा ते धरून बसला, शिकत गेला, शिकतच गेला आणि केस पांढरे झाले तरी औषधच करत बसला. मी एकदा विचारलं, एवढ्या मोठमोठ्या कंपन्या हायत, त्या का करत न्हाईत? तर म्हणाला, "दाजी, टकलावर औषध करणाऱ्यांची रांग लागलीय. हत्तीरोग होतो गरिबाला. गरिबाच्या पायाकडं कोण बघतंय?" माझ्या टकलाकडं बघत म्हणाला, हे मला आवडलं नाही, पण मुद्दा पटला.

त्याचं काम मला फाउंड्रीमुळंच कळलं, नाहीतर माझ्या बापाला कळलं नसतं. आम्ही पॅटर्नचा, म्हणजे साचा ज्यावरनं घेतात त्या लाकडी नमुन्याचा, एक कोपरा घासायचो, ओतायचो, बघायचो, माल रिजेक्ट. मग दुसरा कोपरा. तोही तेच करायचा. एक रेणू बनवायचा, जंतावर घालून बघायचा, उंदराला देऊन बघायचा, जमलं नाही की त्याचं एक टोक बदलून पुन्हा. फरक एवढाच की आमचा रिजेक्ट माल परत भट्टीत जायचा, आणि त्याचा बाटलीत जायचा, वर लेबल लावून. असल्या दोनशे अकरा बाटल्या. नंबर माझ्या ध्यानात राहत नाहीत म्हणून हिनं बाटल्यांना नातेवाइकांची नावं दिली. जी लवकर नासते ती धाकटी जाऊ. जी कशातच मिसळत नाही ती कागलची आत्या. आत्याच्या कानावर हे गेलं. आपल्या नावाचं औषध निघतंय म्हणून ती सगळ्या कागलात सांगत सुटली. एका लग्नात पंगतीला बसली असताना तिनं चारचौघीत मोठ्यानं विचारलं, "व्हय रं, माझं कसं काय चाललंय?" दुसरा कुणी असता तर बरं चाललंय म्हणून जिलेबी वाढली असती. हा म्हणाला, "आत्या, तुम्ही पाण्यात विरघळत न्हाय. जंताला काही झालं न्हाय, उंदीर मात्र मेला." आत्या ताटावरून उठली. दोन वर्षं बोलत नव्हती. आमची ही हसून हसून भिंतीला टेकली होती.

निकालात खोटं बोलायचं नाही, हा त्याचा बाणा. त्यापायीच बिनलग्नाचा राहिला. मुलगी बघायला आम्ही जयसिंगपूरला गेलतो. मुलीच्या बापानं प्रेमानं विचारलं, आतापर्यंत किती औषधं काढली? "एकशेचाळीस केली. सगळी फसली." बाप म्हणाला, अहो, एखादं तरी? "एक थोडं बरं होतं. पण त्यानं लिव्हर जायचं." पोह्याच्या बशा परत आत गेल्या. वर त्याच्या अंगाला वास. कसलंसं रसायन असायचं, सडक्या मासळीचा वास मारायचं. बसमध्ये चढला की आजूबाजूची चार सीटं मोकळी व्हायची. आमची ही त्याला घरामागच्या परड्यातच थांबवायची. "तितंच ऱ्हा, येड्या! कापडं बदल मग घरात ये." माझा एक जुना सदरा आणि पायजमा त्याच्यासाठी दोरीवर कायम असायचा. केमिस्ट्रीतला डॉक्टर दर रविवारी आमच्या घरात मोल्डरच्या कपड्यात बसायचा, आणि ही पाय पुढं करून विचारायची, "काय रं, कधी उतरंल?" तो म्हणायचा, "जवळ आलंय, अक्का."

आणि यंदा खरंच जवळ आलं. दोनशे बारावं. लांबच्या एका मोठ्या लॅबवाल्यांनी ते तपासलं तर जंत मेला आणि उंदीर जगला. पावणं पेढे घेऊन आले, तेही दोन प्रकारचे, कुठला बरा ते बघायला. त्या लॅबवाल्यांनी आणखी पाच ग्रॅम मागितलं. पाच ग्रॅम म्हणजे तपकिरीची एक डबी. मी म्हटलं, एवढंच ना? तर म्हणाला, तेवढं करायला अकरा पायऱ्या आहेत आणि हा महिना संपला की मी रिटायर, माझं टेबल दुसऱ्याला जाणार. ही गेली तेव्हा तो नवव्या पायरीवर होता. नवव्या पायरीवरचा माल फ्रिजमध्ये ठेवला तरी फार दिवस तग धरत नाही, हे त्यानंच मला सांगितलेलं.

बायकोचं कार्य उरकलं, पावणेरावळे गेले. हा मात्र कामावर गेला नाही. रोज सकाळी यायचा, बाहेरच्या सोप्यात भिंतीला टेकून बसायचा आणि संध्याकाळी खोलीवर परत जायचा. कॉलेजचं नाव काढत नव्हता. पहिले दोन दिवस मलाही बरं वाटलं, घरात कुणीतरी श्वास घेतंय. तिसऱ्या दिवशी मी चहा केला आणि साखर घालायची विसरलो. ही असती तर मी कशाला करत होतो चहा. त्यानं तो बिनसाखरेचा चहा घटाघट प्याला आणि कप खाली ठेवला. वही काढली नाही. 

"पावणं," मी म्हणालो, "उद्यापासनं कामावर जावा. फ्रिजमधला माल नासंल."

"नासू दे."

"का?"

त्यानं कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "दाजी, मी अक्काला फसवलं. औषधानं जंत मरतो, पण सुजून मोठा झालेला पाय उतरत न्हाय. मला पंधरा वर्षं झाली ठाऊक हाय. दर रविवारी तोंडावर खोटं बोललो. आयुष्यात एकच खोटं बोललो, तेबी तिच्याशी. आता कुठल्या तोंडानं करू?"

मला गोड बोलता येत नाही, कधी आलं नाही. म्हणालो, "तिला ठाऊक व्हतं की."

"काय?"

"पाय उतरणार न्हाय ते. तुमच्या आधीपासनं ठाऊक व्हतं. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलेलं, पाय रोज साबणानं धुवा, कोरडा ठेवा, जखम हू देऊ नका, पण हाय ह्यो असाच ऱ्हाणार. रोज सांजचं पाय कोण धूत हुतं तिचे? मी. बादली माझ्याच हातात असायची."

त्याचा चेहरा असा झाला, जसं काय जंत आणि उंदीर दोन्ही एकदम मेलेत. "मग मला का बोलली न्हाय?"

"मी म्हणालोतो, सांग त्याला, कशाला उगा आशेवर ठेवतीस. तर माझ्यावरच खेकसली. म्हणाली, त्याच्या डोळ्याम्होरं माझा पाय ऱ्हाऊ द्या. माझा न्हाय तर दुसऱ्या कुणाच्या पोरीचा पाय सुजायचा वाचंल. त्ये कामातनं उठलं तर मग कोण करणाराय?"

"आणि दर रविवारी विचारायची त्ये? कधी उतरंल म्हणून?"

"तेवढं विचारलं न्हाय तर तुमी आला असता व्हय दर रविवारी? लॅबातच मेला असता."

तो हसला का रडला मला नीट सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच झालं. मग रागावला. भांडायला बहीण नाही म्हणून माझ्याशीच भांडला. पंधरा वर्षं तुम्ही दोघं गप्प कसं बसला, दाजी, तुम्ही तरी सांगायचं. मीही ऐकून घेतलं नाही. म्हणालो, आमी गप्प बसलो म्हणून तुमी दोनशे बारापर्यंत पोचला. आता त्ये पाच ग्रॅम न करता घरी बसला तर तिचं गप्प बसणं वाया गेलं. त्यावर तो उठला, पायात चपला घातल्या आणि जातो असंही न म्हणता निघून गेला. मला वाटलं, संपलं. बायको गेली, आता मेव्हणाही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि त्याच्या खोलीवर गेलो. दाराला कुलूप. तसाच कॉलेजवर गेलो. वॉचमन म्हणाला, "सर व्हय? मी गेट उघडायच्या आधीच येऊन हुबं हुतं." त्याची लॅब मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. एवढ्या मोठ्या खोलीत तो एकटा. काचेच्या गोल चंबूत पिवळं पाणी फिरत होतं आणि त्याच्याकडं हा वाकून बघत होता, भट्टीत बघतात तसं. मला बघून त्यानं एक स्टूल पायानं माझ्याकडं सरकवलं.

"बसा. कशाला हात लावू नका. माल थोडा खराब झालाय, पण निम्मा तरी वाचंल." मग मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "माझं लक्ष चंबूवर पायजे. वीस मिनिटं झाली की सांगा."

घरात मला हल्ली वीस मिनिटं जाता जात नाहीत. तिथं मी घड्याळ दोन्ही हातांत धरून बसलो, डोळा हलवला नाही. वीस मिनिटं झाली तेव्हा मी सांगितलं.