बारावा वर्ख

विक्रोळीच्या आमच्या चाळीत अंबादास रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतो. त्या दिवशी कप हातातच निवला.

पूर्वी तो माझ्या नाटकांची प्रकाशयोजना सांभाळायचा. एकदा उकाड्याने दिव्यावरचे दोन रंगीत जिलेटिन कागद एकमेकांना चिकटले आणि ऐन निरोपाच्या प्रवेशात माझा चेहरा काळोखात बुडाला. पडदा पडल्यावर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "चूक माझी." असा माणूस.

पुढे तो एका लेसर प्रयोगशाळेत लागला. तिथे केसाहून कितीतरी पातळ ॲल्युमिनियमचा वर्ख लेसरने तापवतात. निमिषात त्याचा धगधगता, दाट प्लाझ्मा होतो. त्यातून क्ष-किरण सोडायचे आणि त्याने किती गिळले ते मोजायचं. लेसरच्या अशा एकेका माऱ्याला ते शॉट म्हणतात, एका शॉटला एक वर्ख. वर्ख चौकटीत बसवणं अंबादासचं काम.

"ताई, डबीत बारा वर्ख होते. शॉट झाले अकरा. डबी रिकामी आहे."

"पडला असेल कुठे."

"दर दोन वर्खांमध्ये घालतात ते बटर पेपर मोजले. त्यातलाही एक कमी आहे. म्हणजे मध्ये कागद नसलेले दोन वर्ख चिकटून एकदमच गेले."

चौथ्या शॉटमधल्या वर्खाने दुप्पट क्ष-किरण गिळले होते. जुनी गणितं चुकली, असा शोधनिबंध त्यावरच प्रयोगशाळेच्या प्रमुख नीलम मॅडमनी लिहून छापायला पाठवला होता. वर्ख जळून गेलेले, पुरावा उरला तो या डबीचा आणि तिच्यातल्या कागदांचा.

"गप्प बस रे. निवृत्तीला महिना राहिलाय. खापर तुझ्याच डोक्यावर फुटेल."

"फुटू दे." त्याने माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. "मॅडम, चौथ्या शॉटला दोन वर्ख होते."

मॅडमनी आधी विचारलं ते हेच:

"आणखी कोणाला बोललात, काका?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाही."

"डबी रिकामीच आहे ना? टाकून द्या."

त्याने डबी टाकली नाही. माझ्या रंगभूषेच्या पेटीत, काजळाखाली ठेवली. "तुमच्याकडे राहू दे, ताई."

आठवड्याभरात प्रयोगशाळेतलं त्याचं कपाट कोणीतरी उपसलं. काही चोरीला गेलं नाही. त्याला घरी बसायला सांगितलं. आता दाराची कडी वाजली की तो बोलता बोलता थांबतो.

काल दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज मी लगेच ओळखला, नीलम मॅडमचा.

"शुभाताई ना? अंबादासकाका रोज तुमच्याकडे येतात, असं कळलं. त्यांनी काही ठेवायला दिलंय का?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलत आले. इथे विंगेतून पुढचं वाक्य कुजबुजणारं कोणी नव्हतं.

"दिलंय," मी म्हणाले. "आणि ते माझ्याकडेच राहील."

मग मीच फोन ठेवला आणि काजळाखालची डबी जागेवर आहे ना, ते पाहिलं.