न संपणाऱ्या धुनेची तिहाई

टोकियोतल्या एका छोट्या गेम कंपनीत मी प्रोग्रॅमर आहे. माझं काम सांगितलं की पुण्याचे नातेवाईक हसतात. गेममध्ये वाजणाऱ्या धुनेचं शेपूट तिच्या तोंडाला जोडायचं, तेही असं की जोड कानाला कळू नये. खेळणारा एका जागी पाच मिनिटं रेंगाळो नाहीतर दुपारभर, धून फिरत राहिली पाहिजे.

या धुना रचणारे आमचे संगीतकार. सगळे त्यांना ‘सेन्सेई’ म्हणतात, म्हणजे गुरुजी. एका वेळी तीन-चारच सूर काढू शकणाऱ्या जुन्या यंत्रासाठी त्यांनी तरुणपणी एका खेड्याची धून रचली आणि इथली अख्खी पिढी ती गुणगुणत मोठी झाली. पुढे यंत्रं बदलली, सेन्सेईंचे केस पांढरे झाले, पण काम तेच, न संपणाऱ्या धुना. यंदा ते निवृत्त होणार म्हणून टोकियोतल्याच फुनाबोरी भागातल्या एका हौशी वाद्यवृंदाने त्यांच्या धुनांचा कार्यक्रम ठरवला. मी तर नाचायचीच बाकी राहिले होते!

आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सेन्सेई शांतपणे म्हणाले, “कार्यक्रमातून खेड्याची धून काढून टाकतोय.”

“का?”

“संपवता येत नाही. सीडीवर आवाज हळूहळू कमी करायचो. भरलेल्या स्टेजवर तसं कसं करणार? किती शेवट लिहिले, सगळे दुसऱ्याच गाण्यातून आणल्यासारखे वाटतात.”

माझं डोकंच फिरलं. जिच्यासाठी लोकांनी तिकिटं काढली, तीच धून गाळायची? लहानपणी मी पुण्यात तबला शिकले होते, क्लासमधली एकटी मुलगी. मी चॉपस्टिक्स उचलल्या आणि डब्याच्या झाकणावर वाजवायला लागले.

“सेन्सेई, नवा शेवट हवाच कशाला? शेवटची ओळ तीनदा वाजवा. तिसऱ्यांदा ती बरोबर धुनेच्या पहिल्या सुरावर येऊन पडेल. तिथेच थांबा. आमच्याकडे याला तिहाई म्हणतात आणि त्या जागेला सम.”

सेन्सेईंनी घास खाली ठेवला. “पुन्हा.”

मी पुन्हा वाजवलं.

“पुन्हा!” म्हणाले आणि उघडा डबा तसाच टाकून पियानोकडे पळाले. त्या संध्याकाळी ट्रेनने निशी-कसाईला घरी परतताना माझी बोटं डब्यातल्या दांडीवर वाजत होती. शेजारच्या बाई हळूच पलीकडे सरकल्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच्या तालमीत मात्र घोटाळा झाला. शेवट जवळ आला की लय हळू करायची, ही वाद्यवृंदाच्या संचालकांची जन्माची सवय. तिहाईत लय सुटली की सगळंच गेलं. मागच्या रांगेतून मी ओरडले, तेही मराठीत, “अहो, लय सोडू नका!”

इथे तालमीत कोणी शिंकलं तरी माफी मागतं. सगळा वृंद वळून बघायला लागला आणि मी शरमेने मेले. शब्द कळले नाहीत तरी सेन्सेईंना मुद्दा कळला होता; ते उठले, कमरेत वाकले आणि संचालकांना म्हणाले, “माफ करा, पण ती बरोबर सांगतेय. शेवटच्या ठोक्यापर्यंत आहे त्याच लयीत जाऊ या.” संचालकांनी मान डोलावली, पुन्हा वाजवून घेतलं आणि पुन्हा हळू झाले. “उद्या बघू,” म्हणाले. उद्या तर कार्यक्रमच होता!

कार्यक्रमात सेन्सेईंनी मला शेजारी बसवून घेतलं. खेड्याची धून सुरू झाली, फिरून आली, परत निघाली. मी मांडीवर ताल धरला होता. माझं बघून सेन्सेईंनीही धरला. शेवटची ओळ आली. एकदा. दुसऱ्यांदा संचालकांचा हात जरा रेंगाळला. तिसऱ्यांदा त्यांनी तो हात झटकन आवरला आणि सगळा वृंद धाडकन समेवर आला. आमचे दोघांचे तळवे एकदमच मांडीवर पडले.

“वा!” त्या चिडीचूप सभागृहात मी ओरडले आणि या वेळी मला अजिबात लाज वाटली नाही.

मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. सेन्सेईंचा तळवा अजून तसाच मांडीवर होता. त्यांनी दुसऱ्या हाताने डोळे पुसले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “पुन्हा!”