साहेब ओसरीवर होते

"बाई, नीट ऐका," पुण्याहून आलेले मोठे साहेब म्हणाले. "तपासणी कशाला म्हणतात ते कळेल."

आणि त्यांनी मला माझाच कागद वाचून दाखवला.

सोलापुरातली विद्याखात्याची कचेरी. मी टेबलासमोर उभी. उभी, कारण कुणी बस म्हटले नव्हते. पलीकडे मोठे साहेब, आणि त्यांच्या शेजारी आमचे दिपोटी. दिपोटी म्हणजे जिल्ह्यातल्या शाळा तपासणारे सरकारी अधिकारी. ते येणार म्हटले की मास्तर मंडळी आदल्या दिवशी हजामत करून घेत. मी मुलींच्या एका शाळेची मुख्य बाई, वय छत्तीस, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात तीन वर्षे घासून आलेली. मुलींच्या शाळांसाठी वेगळा तपासणीस नेमायचे सरकारने ठरवले. जाहिरातीत 'पुरुष पाहिजे' असे छापलेले नव्हते. छापायचे सुचलेच नसणार, कारण बाई अर्ज करील हे कुणाच्या स्वप्नात नव्हते. मी केला. त्याचीच ही मुलाखत.

मोठे साहेब रंगून वाचत होते. "'तिसरीच्या मुलींना गुणाकार येत नाही, कारण गुणाकाराच्या तासाला त्या शिक्षिकेचे मूल सांभाळतात. मूल मात्र चांगले गुबगुबीत आहे.' वा. काय नजर आहे. हे असं बारीक पाहणं बाईमाणसाच्या हातून व्हायचं नाही."

दिपोटींनी मान खाली घातली आणि ते लाजले. नव्या नवरीसारखे लाजले. माझ्याकडे चुकूनसुद्धा पाहिले नाही.

ते मूल मी मांडीवर घेतले होते. ते वाक्य मी लिहिले होते. खाली सही मात्र दिपोटींची होती, आणि सहीच्या वर, 'मी समक्ष तपासणी केली.'

याची सुरुवात उर्दू मुलींच्या शाळेत झाली. तिथे परदा. दारात जाड निळे कापड, त्याच्या आत पुरुषाने पाऊल टाकायचे नाही. मग दिपोटींनी तपासणी करायची कशी? त्यांनी मला हाताशी धरले. साहेब ओसरीवर खुर्चीत बसत. त्यांच्यासमोर चहा, बिस्किटे, केळी. मी आत जाऊन वर्ग बघायचे, मुलींना वाचायला लावायचे, पाटीवर गणिते घालायचे. दुपारी बाहेर येऊन शेरा लिहून द्यायचे. साहेब तोवर झोपलेले असत. जागे झाले की सही करत. बिनपरद्याच्या शाळांतही पुढे मलाच धाडू लागले. ओसरी तिथेही असते. अशी चार वर्षे गेली.

मी चार वर्षे गप्प का राहिले? साहेब म्हणाले होते, "बाई, जागा निघाली की तुमचंच नाव." मी शहाणी बाई, मी विश्वास ठेवला. त्या टेबलासमोरही गप्प राहिले. तोंड उघडले असते तर जागा गेली असती.

मोठ्या साहेबांनी कागद ठेवला. फिरतीचे काय, म्हणाले. पावसाळ्यात गाडी जात नाही अशी गावे आहेत. तेव्हा दिपोटींना वाचा फुटली.

"बाई, घोड्यावर बसाल काय?"

शेजारच्या खोलीतला कारकून आधी हसला. साहेबाचा विनोद संपायच्या आत हसायचे असते, हे त्याला कळत होते. मग दोघे साहेब हसले.

"बसते," मी म्हटले.

त्यांना काय ठाऊक. माझा बाप सांगोल्याकडचा, मेंढरे घेऊन भीमेच्या काठाकाठाने फिरणारा. आमचे घरच घोड्यावर असायचे. भांडी, वाकळा, कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर मी. एका गावच्या मास्तरांनी मला शाळेच्या खिडकीशी उभी पाहिले आणि आत घेतले. बाप म्हणाला, "ऱ्हाऊ दे हितंच. मेंढरं मोजाया तरी यील."

मोठ्या साहेबांना गंमत वाटली. म्हणाले, दाखवा बघू.

तिथेच मी नाही म्हणायला हवे होते. बारा वर्षे नोकरी केलेली मुख्य बाई मी. तपासणीस व्हायला आलेल्या कुठल्या पुरुषाला यांनी आवारात पळवून पाहिले होते? पण मला जागा हवी होती. मी बाहेर आले.

दिपोटींची घोडी आवारात बांधलेली होती. तिच्यासाठी ते सरकारकडून भत्ता घेत आणि हिंडत टांग्याने. खाऊन खाऊन तिचे पोट धन्यासारखे सुटले होते. मी नऊवारीचा काष्टा घट्ट केला, कडुलिंबाच्या पारावरून टांग टाकली आणि घोडीच्या कानात बापाचा शब्द बोलले. पहिल्या फेरीत ती बिचकली. दुसऱ्या फेरीत तिला आपण घोडी आहोत हे आठवले. खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. पदर कमरेला, वारा तोंडावर, कचेरीच्या खिडक्यांतून कारकुनांची डोकी. मी घोडी बरोबर दिपोटींच्या बुटांपुढे आणून थांबवली. ते दोन पावले मागे सरले.

टाळ्या पडल्या. एकाने शीळही घातली.

त्या शिळेने माझ्या अंगातले वारे उतरले. बाईंना अशी शीळ कुणी घालत नाही. फडावर नाचणारीला घालतात. मी खाली उतरले, कमरेचा पदर सोडला, नमस्कार करून निघाले.

आठ दिवसांनी लखोटा आला. 'उमेदवाराच्या अंगी स्त्रीसुलभ संकोच दिसून आला नाही. मुलींपुढे असा कित्ता ठेवणे इष्ट नव्हे. सबब जागेचे काम तूर्त दिपोटींकडे जादा सोपवण्यात येत आहे.'

बसता आले नसते तर नालायक. बसता आले म्हणून नालायक. असली अक्कल जन्मजात नसते, तिला पगार द्यावा लागतो. मी एकटीच मोठ्याने हसले. 

त्याच आठवड्यात दिपोटींचा पट्टेवाला निरोप घेऊन आला. गुरुवारी उर्दू शाळेची तपासणी आहे. बाईंनी नेहमीप्रमाणे यावे.

नेहमीप्रमाणे.

मी गेले. साहेब ओसरीवर, खुर्ची, केळी. मला पाहून प्रेमाने म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, सरकारच्या मर्जीपुढे आपण काय करणार. मी कापड बाजूला करून आत गेले.

आत साठएक पोरी रांगेत उभ्या होत्या. पुढच्या मुलीच्या हातात मोगऱ्याचा हार. तिथल्या मोठ्या शिक्षिकेला सगळे उस्तानीबी म्हणत. पान खाणारी, धिप्पाड, कडक बाई. ती पुढे आली.

"बाई, तुमारीच नेमणूक हुई ना? छोकऱ्यां सुबू से हार लेके खडे हैं."

मी म्हटले, नाही झाली.

"कायकू?"

"मला घोड्यावर बसता येतं म्हणून."

तिने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले. "और नै आता तो?"

"येत नाही म्हणून."

ती हसेल असे वाटले होते. हसली नाही. परद्याकडे बोट करून म्हणाली, "फिर आज सई कौन करेगा? वो? अंदर का उसकू क्या मालूम?"

एवढेच म्हणाली. चार वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मला वाटायचे, साहेब माझे काम चोरतात. चोरी कसली? मीच दर खेपेला शेरा लिहून, घडी घालून, नेऊन देत होते. ओसरीवर पोचता करत होते.

मी तपासणी केली. पोरींचे नुकसान करायचे कारण नव्हते. चारही वर्ग पाहिले, एक तासही कमी केला नाही. मग कोरा कागद नको म्हटले, शाळेचे शेरेबुक मागवले. शेरेबुकाच्या पानांना आकडे घातलेले असतात. पान फाडले तर का फाडले, याचे उत्तर सरकारला द्यावे लागते. त्यात मी ठळक अक्षरात लिहिले: 'आज या शाळेची तपासणी मी केली. दिपोटीसाहेब ओसरीवर होते. चौथीच्या मुली अर्थ समजून वाचतात. दुसरीच्या खोलीत उजेड नाही, भिंतीत खिडकी पाडावी.' खाली माझी सही. पूर्ण नावाची.

बाहेर आले. साहेबांनी डोळे चोळत बुक घेतले, लेखणी उघडली, आणि लेखणी तशीच राहिली.

"हे काय, बाई?"

"शेरा."

"सही माझी असते."

"मग आत चला साहेब. वर्ग बघा आणि करा सही."

परद्यामागून उस्तानीबीचा आवाज आला. "आना नक्को, साब. जनाना है."

साहेबांनी आवाज खाली आणला. "बाई, तुमची मुख्य बाईची जागा माझ्या शेऱ्यावर आहे, हे ध्यानात ठेवा."

"ध्यानात आहे," मी म्हटले. "तुमचा शेरा चार वर्षं मीच लिहिते."

ते उठले. केळ्यांच्या साली पायाखाली होत्या. घसरले असते तर ही गोष्ट आणखी चांगली झाली असती, पण नाही घसरले. टांग्यात बसून गेले.

महिन्याच्या आत माझी मुख्य बाईची खुर्ची काढली. विणकरांच्या पेठेत पहिलीच्या वर्गावर पाठवले. पोरी तेलुगू बोलतात, मी मराठी बोलते, मधे पाटी आहे. माझ्या नोकरीच्या पुस्तकात दिपोटींनी लिहिले, 'उद्धट.' त्यांनी स्वतः पाहून लिहिलेला हा पहिला शेरा.

ती जागा यंदा पुन्हा निघाली आहे. मागच्या खेपेला मी एकटीने अर्ज केला, ती माझी चूक. एकट्या बाईला परत धाडायला एक सबब पुरते. आणि उद्या उपकार म्हणून एकीला घेतलेच, तर तिला खुर्चीत बसवून पाहुण्यांना दाखवत हिंडतील. तसला नमुना मला व्हायचे नाही, कुणाला होऊ द्यायचे नाही. या सुट्टीत मी बार्शीला गेले, कुर्डुवाडीला गेले, करमाळ्याला गेले, शहरातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. शिकलेल्या, परीक्षा दिलेल्या बायकांच्या दारात बसून अर्ज लिहून घेतले. एक विधवा आहे. एक पाच लेकरांची आई आहे. एक लग्न करणार नाही म्हणते. उस्तानीबीचा अर्ज उर्दूत आहे, आणि तो उर्दूतच जाणार. माझा धरून बारा.

विद्याखात्यासाठी बारा. पुढच्या वर्षी मामलेदार कचेरीत जाऊ, दवाखान्यात जाऊ. जिथे सही होते त्या प्रत्येक टेबलासाठी जाऊ.

नाकारायचे तर बाराजणींना नाकारावे लागेल. प्रत्येकीला वेगळी सबब, लेखी, साहेबांच्या सहीनिशी. त्या बाराही सबबी आम्ही नावागावासह छापणार आहोत. सोलापुरात छापखान्यांना तोटा नाही.