सौदामिनीबाईंची ओली पानं

युद्धामुळे कागद मिळेनासा झाला त्या वर्षीची ही गोष्ट. भोरच्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या सौदामिनीबाई दरवर्षीप्रमाणे दिवाळीच्या सुट्टीत डोंगरातल्या हिर्डोशीला गेल्या होत्या. हिवतापावर कोयनेल वाटायला, आणि भातकापणीतून सवड काढणाऱ्या बायकांना अक्षरं शिकवायला. बायका बोलत आणि त्या लिहून घेत. बाळंतपणं, मेलेली लेकरं, सवती, कुणाला न सांगितलेली दुखणी. डोंगर चढताना दौत सांडते, म्हणून तिथं पेन्सिल. घरी आल्यावर दुसऱ्या पानांवर शाईनं पक्कं. कित्येक वर्षांचं हे लिखाण माजघरातल्या ट्रंकेत होतं. त्याचं त्यांना पुस्तक करायचं होतं.

परतल्या तेव्हा परसात भावजय सुलू उखळात लगदा कुटत होती. कागद भिजवून मेथीबरोबर कुटायचा, पालथ्या पातेल्यावर थापायचा, की धान्याची टोपली होते. घंगाळात आणखी पानं भिजत होती. अक्षर बाईंचं होतं.

सुलूचा चेहरा उतरला. "मी कागद मागितला, तर यांनी ट्रंक दाखवली, वन्सं."

बाईंनी घंगाळात हात घातला. शाईची पानं निळं पाणी होऊन गेली होती. पेन्सिलीची अजून वाचता येत होती. ती त्यांनी एकेक करून परातीत घेतली आणि ओसरीवर आल्या. तिथं धाकटा भाऊ रघुवीर, वकील, पक्षकारांची वाट पाहत होता.

"घरातलाच कागद होता, ताई," तो म्हणाला. "त्यात काय, बायकांच्या गप्पा."

"आणि तुझ्या कपाटातले निकाली दावे?"

"ती कामाची कागदपत्रं आहेत."

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. हरलेले दावेसुद्धा लाल फडक्यात जपलेले, आणि मेलेल्या लेकरांबद्दल जे कुणी कधी विचारलं नव्हतं, ते उखळात. त्या खाली बसल्या आणि पक्षकारांच्या सतरंजीवर पानं वाळत घालू लागल्या. कोपऱ्यापासून, तक्क्यापर्यंत, रघुवीरच्या बैठकीवरही.

दारात पक्षकार येऊन उभा राहिला. रघुवीर ओशाळून पानं गोळा करायला वाकला.

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. "फाटतील."

त्या दिवशी रघुवीर वकिलांनी साऱ्या पक्षकारांशी अंगणात उभ्यानं बोलणी केली. बाई पानांजवळून हलल्या नाहीत.