मोतीच्या गाण्यातलं नाव

सुंदराआजीच्या थोरल्या बहिणीचं, मोतीचं गाणं आता कर्जत-खालापुरातल्या हळदीहळदीत वाजतं, आणि ते ऐकलं की आजीच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मोती पळसदरीच्या धरणावर धुणं घेऊन गेली ती परत आलीच नाही. त्या साली आवणीला, भाताची रोपं लावता लावता, आईनं हे गाणं रचलं. ‘धरणाच्या पाण्याला मोती गेली गं, मागं फिरून नाय आली गं.’ नावाची ओळ आली की ओणवलेल्या बायकांचे हात थांबायचे. आईचं एकच बंधन होतं. त्या ओळीत जित्या माणसाचं नाव घालायचं नाही, पाणी त्यालाही ओढून नेतं.

पण गाणं म्हणजे काही दावणीची गाय नव्हे. खालापुराकडं दिलेल्या पोरींनी ते सासरी नेलं, तिथं धरणाची नदी झाली. एका भजनी मंडळानं मोतीला देवाच्या भेटीला धाडलं. मग कॅसेटवाल्यानं ढोलकी घातली, आणि ती चक्क साजणाला भेटायला पाण्यावर जाऊ लागली! आता भिसेगावच्या ऋतिकनं त्याला डीजेचा ठेका दिला आणि मोतीच्या जागी ज्या नवरीची हळद तिचं नाव घालायची टूम काढली. लोकांना काय, नाचायला निमित्त हवं.

नातीच्या, सोनालीच्या हळदीला ऋतिकलाच सांगितलं होतं. आजीला कोण विचारतंय? आणि तिनंही पोरीला मोतीची गोष्ट कधी सांगितली नव्हती. हसत्याखेळत्या लेकराच्या मनात कशाला भरवायचं, असं तिला वाटायचं.

सोनाली हळदीनं माखून पाटावर बसलेली. ठेका सुरू झाला तशी आजी उठली. ती गर्दीतून वाट काढत ऋतिकपाशी गेली.

“बंद कर रं ते! माज्या पोरीचं नाव नको घेऊ त्यात!”

स्पीकरपुढं तिचं कुठलं ऐकू येतंय? ऋतिकला वाटलं, म्हातारीला हौस आली.

“आजी, तुमीच म्हणा की!” म्हणत त्यानं माइक तिच्या हातात दिला.

नावाची ओळ तोंडाशी आली. सोनालीचं नाव घ्यायला जीभ रेटेना. मोतीचं घ्यावं, तर हळदीच्या मांडवात बुडालेलीचं नाव कसं घ्यायचं? सगळे तिच्याकडं बघत होते. आजीनं डोळे मिटले.

“धरणाच्या पाण्याला सुंदरा गेली गं...”

मांडवात एकच हशा उसळला. सोनाली पाटावरूनच ओरडली, “आजी, भारी! आणखी एकदा म्हण ना गं!”

आजी पुन्हा गायली, पुन्हा स्वतःचंच नाव घालून. पोरीवरचं आपण आपल्या अंगावर घेतलं, एवढं समाधान तिला होतं. पण इतक्या जणांनी मोतीचं गाणं फिरवलं, ऋतिकनं तर तिचं नावच काढलं, तरी आजीच्या तोंडी ती होती. आज आजीनंही तिला काढलं, आणि मांडव टाळ्या पिटत होता.