सहा महिन्यांत येते

रविवार, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. हॅम्बुर्गमधल्या माझ्या घरी सोफ्यावर डोळा लागतो आणि अण्णा येतात. माझे वडील. त्यांना जाऊन पाच महिने झालेत.

इथे रविवारी कुणी भिंतीत खिळा ठोकत नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकत नाही. पहिल्याच महिन्यात शेजारणीने मला ते सुनावलं होतं. त्या शांततेत जिन्यावर चप्पल वाजते. अण्णा दारात उभे आहेत, अंगात एसटीचा खाकी शर्ट. कराडच्या स्टँडवर ते पंचवीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते.

"बेलवर तुझं नाव आहे गं," ते म्हणतात. "छापील."

"लावावंच लागतं. नाहीतर पोस्ट येत नाही."

"म्हणजे मुक्काम पक्का."

आता आम्ही तळघरात आहोत. इमारतीतल्या सगळ्यांची कपडे धुण्याची मशीन इथे आहे. पाळी वहीत आधी लिहून ठेवायची. माझ्या नावापुढे मे, जून, जुलैच्या तारखा आहेत. अण्णा त्या बोट ठेवून वाचतात, स्टँडवर वेळापत्रक वाचायचे तशा.

"एप्रिलात येणार होतीस ना?"

हे दहाव्याचं. मी अंत्यविधीला गेले नव्हते. तिकीट मिळत होतं, पण नव्या नोकरीचा पहिला महिना होता. दहाव्याला संगमावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, असं आमच्याकडे मानतात. मग जवळची माणसं एकेक करून शब्द देतात. माझ्या भावाने, निरंजनने, दिला. आईने हात जोडले. पाऊण तास गेला. शेवटी निरंजनने फोन स्पीकरवर टाकून पिंडांकडे धरला. इथे सकाळचे सात वाजले होते, मी बसथांब्यावर होते. म्हणाले, "अण्णा, सहा महिन्यांत येते. आईजवळ राहते."

पलीकडून गलका ऐकू आला. शिवला, शिवला.

त्याच दिवशी साडेअकरा वाजता मी या घराच्या दोन वर्षांच्या करारावर सही केली. ती करणार आहे हे मला सात वाजताही माहीत होतं.

निरंजन आईला पुण्याला न्यायला तयार आहे. ती जात नाही. "शुभा येणारे, कावळा शिवलाय," एवढंच म्हणते. फेब्रुवारीत ती मोरीत घसरली. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. घरात एकटी आहे.

"तो कावळा," मशीनमधून ओला टॉवेल काढत अण्णा म्हणतात, "मी नव्हतो हं."

"म्हणजे?"

"मला कुठली भूक? गुरुजींना पुढचं काम होतं, निरंजन उन्हात लालबुंद झालेला. आला असेल एखादा उपाशी. पेपरात वीस वर्षं काढलीस आणि खात्री न करता बातमी लावून मोकळी?"

"खात्री कुणाकडे करणार होते मी?"

"तेही खरंच." ते हसतात. तंबाखूने काळे पडलेले दात तसेच आहेत.

ते टॉवेल पिळतात. पाणी माझ्या पायांखालून वाहतं, आणि मी नोंदणी कार्यालयात रांगेत आहे. परक्या माणसांनी पत्ता नोंदवायचा तेच कार्यालय. पण फलकावर नंबरांऐवजी उंब्रज, मसूर, पाटण अशी नावं फिरतायत, आणि खिडकीत माइकसमोर अण्णा बसलेत.

"अण्णा, मी खोटं बोलले."

"माहितीये."

"मी येणार नाहीये. मला इथे बरं वाटतं. कुणाची सक्ती नाही, काही नाही. नुसतं बरं वाटतं."

"मग हे मला कशाला सांगतेस? माझी गाडी कधीच सुटली. खिडकी चुकलीस, शुभे." ते माइक जवळ ओढतात आणि स्टँडवरच्या जुन्या आवाजात पुकारतात, "हॅम्बुर्गच्या बाई, पुढची खिडकी. हॅम्बुर्गच्या बाई."

पुढच्या खिडकीत आई आहे. डाव्या हाताने मेथी निवडते आहे. काचेपलीकडे ऐकू जातं की नाही कळत नाही, म्हणून मी मोठ्याने सांगते. सात वाजता, साडेअकरा वाजता, करार, दोन वर्षं, सगळं क्रमाने. "तू निरंजनकडे जा. माझ्यासाठी थांबू नकोस."

ती एक काडी बाजूला ठेवते. वर बघत नाही.

"आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणते.

जाग येते तेव्हा दोन सत्तावन्न झालेत. हातात फोन आहे, गरम झालेला. यादीत सर्वांत वर एक कॉल आहे, माझ्याकडून गेलेला. आई, दोन अठ्ठेचाळीस, चार मिनिटं अकरा सेकंद. तो लावल्याचं मला आठवत नाही.

तीन वाजता, तिथले साडेसात, मी आईला फोन करते. पूर्ण रिंग जाते.

तीन वाजून चार मिनिटांनी निरंजनला करते. तो दुसऱ्या कॉलवर आहे.